मनू, तुझा मसुदा तपासला

कराड, १२ जानेवारी २०२५

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. "मागून कोणी पोट फाडून घेतं का" हे मी बोलायला नको होतं. आई शेजारीच शेंगा सोलत होती. तिने पाटी खाली ठेवली आणि आत निघून गेली, त्यावरूनच मला कळलं. फोनवर माझी जीभ घसरते, म्हणून कागदावर लिहितोय. ओंकार फोटो काढून तुला पाठवेल. तो वाचणार नाही, मी समोर उभा राहीन.

या दुसऱ्या खेपेला ठरवून सिझर करा, म्हणून तिथल्या दवाखान्याला द्यायच्या पत्राचा मसुदा पाहिला. ३४ वर्षं तहसिलीत लोकांचे अर्ज वाचले, पण पोटच्या पोरीचा अर्ज हातात आल्यावर पहिल्या वाचनात काही डोक्यात शिरेना. दुसऱ्यांदा तांबडं पेन घेऊन बसलो. इंग्रजी तुझं इतकं नेटकं आहे की आमच्या साहेबांनाही जमलं नसतं. तरी दुरुस्त्या आहेत.

पहिलं म्हणजे "आपणास त्रास देत आहे, क्षमस्व" काढून टाक. आमच्याकडेही माणसं अशीच सुरुवात करायची आणि खरं सांगतो, तसा अर्ज आम्ही सवडीने बघायचो.

दुसरं, घडलं ते आधी आणि वाटलं ते नंतर. तारीख, किती तास कळा, चिमटा लावला, बाळाचं वजन ४ किलो १००, आणि इजेची श्रेणी. तू लिहिलंयस "खूप फाटलं". तुझ्याच कागदावर चौथी श्रेणी लिहिलेली आहे, म्हणजे गुदद्वाराचा स्नायू तुटून आतलं अस्तरसुद्धा फाटलेलं. त्यापुढची श्रेणीच नाही. मग "खूप" कशाला? (हे शब्द लिहिताना मला अवघड जातंय. तू वाचताना अवघडू नकोस.) आम्हाला तेव्हा "थोडे टाके पडलेत" एवढंच कळलं होतं आणि मी गल्लीत पेढे वाटून आलो होतो.

नोव्हेंबर २०२१. थिएटरात नेऊन टाके घातले, आणि कोविडच्या नियमाने निखिलरावांना रात्री घरी पाठवून दिलं. कमरेखाली तू बधिर, ईशू रडतोय आणि पाळण्यापर्यंत हात पोचत नाही. हे तू आईला सांगितलंस, तेही सव्वा वर्षाने. या वेळी रात्री तुझ्याजवळ कोण असणार आहे? असो, तो अर्जाचा मुद्दा नाही.

तिसरी दुरुस्ती सगळ्यांत महत्त्वाची. "अजून थोडा त्रास होतो." थोडा म्हणजे किती? वायू धरता येत नाही, कळ आली की पाच मिनिटंही थांबता येत नाही, बाहेर पडताना पिशवीत जादा कपडे ठेवावे लागतात, हे जसं आहे तसं लिही. महिन्यातून किती वेळा, तेही लिही. नानाच्या पोरीच्या लग्नाला येताना पुणे ते कराड तू चार वेळा गाडी थांबवायला लावलीस, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, विलायतेच्या पाण्याने हिचं पोट नाजूक झालं. सगळे हसले. तूही हसलीस. मसुदा वाचताना तुझा तो हसरा चेहरा सारखा समोर येत होता. तिथे डॉक्टरपुढे तशी हसू नकोस.

निखिलरावांनी पाठवलेली दोन्ही परिपत्रकं (मी परिपत्रकंच म्हणणार) झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. एक तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचं, क्रमांक २९, सन २०१५. त्यात म्हटलंय की अशी इजा होऊन ज्या बाईला अजून त्रास आहे, किंवा आतल्या सोनोग्राफीत स्नायूत दोष दिसतोय, तिला ठरवून सिझर करण्याचा पर्याय समजावून सांगावा. तुझ्या बाबतीत दोन्ही लागू. सोनोग्राफीचा अहवाल सोबत जोड आणि पत्रात तसं नमूद कर. दुसरं नाइसचं, म्हणजे तिथल्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेचं, २०२१ चं. सगळं समजून घेऊनही बाईला सिझरच हवं असेल तर तिच्या निवडीला साथ द्यावी, आणि त्या टीमला जमत नसेल तर करायला तयार असलेल्या डॉक्टरकडे पाठवावं. एवढं स्पष्ट तर आमचे शासन निर्णयही नसत. २०१५ चा तो माँटगोमेरीबाईंचा निकालही वाचला. बाई चणीने लहान, मधुमेह, बाळाचे खांदे अडकण्याचा धोका डॉक्टरांनी सांगितलाच नव्हता. असा धोका बाईला सांगितलाच पाहिजे, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं. पण हे पत्रात घालू नकोस. कोर्टाचं नाव निघालं की समोरचा कारकून असो की डॉक्टर, आधी स्वतःची बाजू सांभाळायला लागतो. नुसतं माहीत असू दे.

ते तुला आकडा सांगतील, पुन्हा अशी इजा होण्याचं प्रमाण शंभरात ५ ते ७. पहिलटकरणींतही शंभरात ६च्या आसपास असतं म्हणे. मीही क्षणभर म्हटलं, मग एवढं कशाला? नंतर लक्षात आलं, त्या सहांत माझी मुलगी एकदा येऊन गेलीय. आणि जो स्नायू आधीच अधू आहे, त्याचं आणखी काही झालं तर पुढे काय, हे त्या आकड्यात कुठे आहे?

आपल्याकडे उलट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली २५ बाळंतपणं सिझरची. गल्लीत बघतोच. म्हणून गुरुवारी मी तसं बोललो, मला वाटलं तुझंही तसंच काही. तुला ते मागावं का लागतंय, हे विचारायचं सुचलं नाही.

सिझर सोपं आहे असंही मी म्हणत नाही. रक्ताच्या गुठळ्या, जखम चिघळणं, पुढच्या खेपेला वार चिकटण्याची भीती, सगळं वाचलंय. तेव्हा उठायची घाई करायची नाही. ईशूला कडेवर घ्यायचं नाही, तो कितीही रडला तरी. खोकताना पोटाशी उशी धरायची. वेळेवर जेवायचं, चहावर दिवस काढायचा नाही, आणि निखिलरावांना कामं सांगायला शिक, तू सगळं स्वतः ओढतेस, लहानपणापासून तुझी ही खोड... पुरे. नर्स सांगेलच हे. मी लागलो शिकवायला, माफ कर.

परवा आईला विचारलं, मनूच्या वेळी तुला टाके पडले होते का? इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, आता काय करायचंय? दोन पोळ्या लाटून झाल्यावर आतूनच म्हणाली, "सात. दोन महिने धड बसता येत नव्हतं." तुझ्या बारशाचा फोटो कपाटातून काढला. सगळ्या बायका सतरंजीवर बसल्यात आणि आई पाळण्याशी उभी आहे. त्या दिवशी फोटोग्राफर ताटकळला म्हणून मी तिच्यावर खेकसलो होतो, हे मला आठवतं. तिला आठवतं का, ते विचारलं नाही.

तारखेचं असं की बाळाच्या श्वासाला त्रास नको म्हणून ३९ आठवड्यांआधी ते सहसा करत नाहीत. म्हणजे तुझा २८ मार्च येतो. मंदामावशीचा फोन झाला, शनिवारची अमावस्या टाळ आणि रविवारी पाडवा आहे तो साध. त्यांच्या थिएटरची यादी पंचांग बघून लागत नाही, हे तिला पटत नाही. त्या शनिवारी ग्रहण आहे आणि ते तुमच्याकडे दिसणारही आहे, हे तिला अजून कळलेलं नाही. तू सांगू नकोस.

आईचा व्हिसा आला की तिकीट मार्चच्या पहिल्या आठवड्याचं काढतोय. ती घरी ईशूला बघेल, पण वॉर्डात रात्री तिला राहू देतील का? की पुन्हा सगळ्यांना घरी पाठवतील? निखिलरावांना आधीच विचारून ठेवायला सांग. तोंडी नको, लेखी. आणि अर्ज देशील तेव्हा पोच घे, ईमेल असेल तर उत्तर जपून ठेव.

तुझा,
बाबा

ता.क. अर्जात मुद्दे चारच होते. पाचवा मी पेन्सिलने लिहिलाय: "ऑपरेशननंतर रात्री घरचं एक माणूस जवळ राहू द्यावं." आई म्हणते, खुर्ची नसली तरी चालेल, ती खाली झोपेल. नको वाटला तर खोडून टाक.