तपासणी करा, पण मुलाच्या घरच्या भाषेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालवाडीतल्या मुलांच्या तपासणीवरचा आपल्या कालच्या पुरवणीतला लेख वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तोच विषय आहे. लेखकांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचणं-लिहिणं-गणित शिकताना येणाऱ्या खास अडचणीचा, धोका चार-पाच वर्षांच्या वयातच लक्षात आला तर पुढचे हाल टळतात, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी स्वतः सोलापूरच्या पूर्व भागात उभी हयात बालवाडी शिकवण्यात घालवली. पण पूर्व भागातल्या पालकांमध्ये जागरूकता नाही, ते शिबिरांना येत नाहीत आणि अहवाल हातात दिला तरी पाठपुरावा करत नाहीत, असं त्याच लेखात सहज लिहून टाकलंय. ते वाचून मात्र राहवलं नाही.

हे पालक कोण, ते सकाळी दहा वाजता आमच्या बोळात येऊन पाहा. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बाई विड्या वळत बसलेली असते. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. शिबिराच्या रांगेत गेलेला वेळ तिच्या हजारातून वजा होतो, तो कुणी भरून देत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका शाळेने पालकसभा नेमकी नळाला पाणी यायच्या दिवशी ठेवली. सोलापुरात नळ रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतो. त्या दिवशी घागरी, बॅरल, टाकी भरल्याशिवाय घरातली बाई बाहेर पडत नाही, हे या गावात शाळा चालवणाऱ्यांना माहीत नसावं? सभेला मोजक्या बाया आल्या आणि पालकांची अनास्था म्हणून नोंद झाली. पाण्याचे हाल वर्षानुवर्षं भोगायचे आयांनी, आणि वर ठपकाही त्यांच्यावरच!

आता जागरूकतेचंच बोलायचं तर माझ्या घरचं सांगते. माझी नात साडेचार वर्षांची आहे. घरात आम्ही तेलुगू बोलतो. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. त्याने आणि सुनेने पोटाला चिमटा काढून पोरीला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातलं. दिवाळीनंतर तिथे अशीच तपासणी झाली. बाहेरून माणसं बोलावली होती आणि पैसे पालकांकडून घेतले होते. सुनेने पैसे भरले, घरातलं काम टाकून ती हजर राहिली. लेखात पालकांकडून ज्या अपेक्षा केल्यात, त्या सगळ्या तिने पुऱ्या केल्या.

व्हरांड्यात टेबल मांडलं होतं आणि शेजारी मधल्या सुट्टीचा गलका चालू होता. समोर पोरीने कधी न पाहिलेल्या मॅडम, हातात टॅब, टेबलावर चित्रांची कार्डं. छत्रीचं चित्र पुढे आलं. नातीने पटकन सांगितलं, "गोडुगु." तेलुगूत छत्रीला गोडुगुच म्हणतात. मॅडमनी फुली मारली. चंद्र, मांजर, चमचा, एकेक चित्र ती ओळखत गेली आणि एकेक फुली पडत गेली. मग 'कॅट'ला जुळणारा शब्द विचारला. कॅट हा शब्दच तिच्या कानावर काही महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पडलेला, त्याला जुळणारा ती कुठून आणणार? ती गप्प बसली. सून दारातून सांगत होती की मॅडम, तिने बरोबर सांगितलंय, तर पालकांनी मध्ये बोलायचं नाही म्हणून तिलाच बाहेर बसवलं. दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

मग कागद आला. वर पोरीचं नाव, मध्ये लाल अक्षरांत 'हाय रिस्क' आणि तळाशी कुठल्याशा खासगी क्लासचा फोन नंबर. पाठोपाठ ऑफिसातून निरोप आला की पुढच्या वर्षी हिला मोठ्या गटात घेता येणार नाही, तुम्ही दुसरी शाळा बघा. विडी कारखान्यात विड्या तपासून घेताना खराब निघालेल्या बाजूला टाकतात, तशी माझी नात बाजूला टाकली. तिला नेमकं काय अवघड जातंय, उद्यापासून वर्गात तिच्यासाठी काय करायचं, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हतं. आता सांगा, पाठपुरावा करायचा म्हणजे सुनेने काय करायचं होतं?

मी पोरीला घेऊन बसले. "मामिडिपंडु म्हण आणि टाळ्या वाजव," म्हटलं. मामिडिपंडु म्हणजे आंबा. मा, मि, डि, पं, डु अशा बरोबर पाच टाळ्या तिने वाजवल्या. शब्दाचे तुकडे कानाने वेगळे करता येणं ही वाचनाची पहिली पायरी, आणि तिच्या भाषेत ती पायरी तिला येते.

आणि तरीही नातीला काहीच अडचण नाही, असं मी म्हणत नाही. ती उशिरा बोलायला लागली. रंगांची नावं तेलुगूत विचारली तरी ती अडखळते, शब्द ओठावर येतो आणि अडतो. माझ्या सख्ख्या भावाला आयुष्यभर वाचता आलं नाही. शाळेत रोज छड्या खाऊन त्याने चौथीतच दप्तर टाकलं. पुढे तो मागाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते सांगायचा, पण बसची पाटी त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागायची. घरात कुणाला असा त्रास असेल तर पुढच्या पिढीत धोका वाढतो, हे आता सगळे तज्ज्ञ सांगतात. मूल बोलायला कधी लागलं, घरात कुणाला लिहिण्या-वाचण्याचा त्रास होता का, कानांची तपासणी झाली आहे का, एवढं सुनेला विचारलं असतं तर खरा धोका काय तो तिथेच कळला असता. ते विचारायचं सोडून इंग्रजी शब्दांची परीक्षा घेतली. कानांचं मी मुद्दाम म्हणते. पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत संसार, अशा घरात पोरं वाढतात. त्यांना नीट ऐकू येतं का, ते आधी बघायला नको?

लेखातली आणखी एक गोष्ट पालकांना उगाच घाबरवणारी आहे. अक्षर किंवा आकडा उलटा काढणं हे धोक्याचं लक्षण म्हणून ठळक छापलंय. माझ्या बालवाडीत निम्मी पोरं उलटी अक्षरं काढायची आणि पहिली-दुसरीपर्यंत आपोआप सुधारायची. त्या वयात ते होतंच. बघायचं ते वेगळं आहे. बडबडगीतातलं यमक पोराच्या कानाला लागतं का? ओळखीच्या वस्तूंची नावं भराभर घेता येतात का? दोन-तीन सूचना एका दमात दिल्या तर त्या लक्षात राहतात का? हे सगळं रोज वर्गात असणाऱ्या बाईला दोन-तीन महिन्यांत दिसतं, त्याला टॅब लागत नाही. आणि अशी चाळणी, म्हणजे वरवरची पहिली तपासणी, हे निदान नव्हे. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्रसुद्धा आठ वर्षं पुरी झाल्याशिवाय मिळत नाही. मग साडेचार वर्षांच्या पोरीवर लाल शेरा मारायचा अधिकार कुणाला कुणी दिला?

ज्यांनी हे काम मनापासून केलं त्यांनी भाषेचा विचार आधी केलाय. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचनाच्या अक्षमतेसाठी, चाचण्या काढल्या, त्या हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत वेगवेगळ्या. त्याही पहिलीपासून पुढच्या मुलांसाठी. आपल्या लिप्यांमध्ये बाराखडी आणि जोडाक्षरं धरून शेकडो अक्षररूपं शिकावी लागतात, त्याला तिसरी-चौथी उजाडते. इंग्रजीचं मोजमाप उचलून इथे लावलं तर निम्मा पूर्व भाग 'हाय रिस्क' निघेल. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी या चारही भाषा एका गल्लीत बोलल्या जातात असं आपलं गाव, आणि लेखात घरच्या भाषेचा उल्लेखसुद्धा नाही! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांना त्यांच्या अंगणात जाऊन, त्यांच्याच रोजच्या वस्तूंतून शिकवलं. आमच्या पिढीच्या बाया ते ऐकत तयार झाल्या. 1945 साली जे कळलं होतं, ते आज पुन्हा सांगावं लागतं.

कायदा काय म्हणतो, हेही लेखात यायला हवं होतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. ती मुलांमध्ये लवकरात लवकर ओळखा आणि त्यावर शिकवण्याचे उपाय करा, असं त्याचं कलम 16 सांगतं. ओळखणं आणि उपाय करणं या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. त्याच कलमात भेदभाव न करता प्रवेश द्यायलाही सांगितलंय. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 प्रवेशाच्या वेळी मुलांना चाळणी लावायला मनाई करतं, पण तो कायदा 6 ते 14 वयाचा, म्हणजे नर्सरीतली पोरं त्याच्या उंबऱ्याबाहेर राहिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणं ठरलेलं आहे आणि त्यांच्या तीस आजार-व्यंगांच्या यादीत अध्ययनाच्या अडचणीही आहेत. पण हे पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जातं. खासगी नर्सरीतलं पोर तिथेही नाही. म्हणून तर तपासणीच्या नावाने कुणीही टेबल टाकून बसतो. तपासणीचा कागद प्रवेशाच्या फायलीत जाता कामा नये, तो वर्गाच्या बाईंकडे जावा आणि पोर त्याच वर्गात राहावं, असा नियम सरकारने आधी करावा. मग खुशाल घरोघर तपासण्या करा, मी स्वतः मदतीला येईन.

आणखी एक, आणि याचा मला जास्त राग आहे. लेखासोबत शिबिराचा फोटो छापलाय. रांगेत बसलेल्या पोरांचे चेहरे स्वच्छ ओळखू येतात आणि खाली ओळ काय, तर अध्ययन अक्षमतेचा धोका असलेली मुले! त्यातली दोन पोरं आमच्या बोळातली आहेत. पेपर घरोघर जातो. कालपासून येता-जाता त्यांच्या आयांना लोक विचारतायत. त्या पोरांना काही झालंय का, हे अजून कुणालाच ठाऊक नाही, ती नुसती तपासणीला बसली होती. आपण त्यांच्या आई-वडिलांना विचारून फोटो छापलात का? नसेल तर दिलगिरी छापा, आणि तीही त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

शेवटी एक विनंती. पुढच्या पुरवणीत एक चौकट छापा. मुलाचे कान आणि बोलणं मोफत कुठे तपासतात, लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार करणारं जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे आहे, तिथे कोणत्या वारी जायचं, कोणते कागद न्यायचे आणि तिथे तेलुगू-कन्नड समजणारं कुणी आहे का. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही छापा. ते कात्रण आमच्या भागातल्या प्रत्येक दारावर नेऊन द्यायचं आणि जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवायचं काम माझं.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर