‘उंची कमी असूनही’ नव्हे

माननीय संपादक,
स. न.

आपल्या क्रीडा पुरवणीत गेल्या रविवारी अमेरिकन फुटबॉलपटू सॅम मिल्स याच्यावर लेख आला. मराठीत या खेळावर कुणी चार ओळी लिहिणं हेच दुर्मीळ, म्हणून उत्सुकतेने वाचला. पण ‘उंची कमी असूनही’ हे शब्द त्यात चार वेळा आले आहेत, आणि नेमका तिथेच लेख घसरला आहे. मिल्सच्या खेळात ती उंची अवजारासारखी वापरली जात होती. कशी, ते लेखात कुठेच नाही.

आधी आकडे. उंची ५ फूट ९ इंच, म्हणजे साधारण १७५ सेंटिमीटर. वजन मात्र १०४ किलोच्या आसपास. त्यामुळे लेखातला ‘किरकोळ अंगकाठीचा’ हा शब्दप्रयोग साफ चुकीचा आहे. बुटका आणि हलका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिल्स इनसाइड लाइनबॅकर होता. बचावाच्या मधोमध, आघाडीच्या धिप्पाड फळीच्या चार-पाच यार्ड मागे त्याची जागा. तिथे साधारणपणे सहा फुटांच्या वरचा माणूस शोधतात.

चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडण्याआधी लाइनबॅकरला अंगावर चालून येणाऱ्या गार्डचा, म्हणजे समोरच्या आक्रमक फळीतल्या धिप्पाड खेळाडूचा, बंदोबस्त करावा लागतो. हा गार्ड सहा फूट तीन-चार इंच उंच आणि १२५ ते १३५ किलोंचा. या टकरीचा निकाल वजनापेक्षा कुणाच्या खांद्याचं पॅड खाली आहे यावर लागतो. ज्याचं पॅड खाली, त्याचा जोर खालून वर लागतो. समोरच्याच्या टाचा उचलल्या जातात, आणि एकदा पाय जमिनीवरून सुटले की १३० किलोंचाही उपयोग नसतो. उंच लाइनबॅकरला तेवढं खाली जाण्यासाठी दर डावाला गुडघे आणि कंबर बरीच मोडावी लागते. चौथ्या क्वार्टरमध्ये मांड्या भरून आल्या की तो नकळत ताठ होतो आणि गार्ड त्याला दारासारखा बाजूला सारतो. मिल्सचा खांदा मुळातच गार्डच्या छातीच्या पातळीला. गुडघे थोडे वाकवले की तो थेट बरगड्यांखाली शिरायचा. आखाडा पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको; पट काढायचा तर समोरच्याच्या अंगाखाली शिरावंच लागतं. न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचच्या शाळेत मिल्स कुस्तीही खेळत असे. लेखातून सुटलेला हा तपशील बारीक नाही.

प्रत्यक्ष कृती साधारण अशी. पाय खांद्याइतके रुंद, वजन चवड्यांवर, हात मोकळे. चेंडू सुटताच गार्ड ज्या अंगाला निघेल त्या अंगाला वीतभर पहिलं पाऊल. भिडताना तळवे त्याच्या छातीच्या पॅडवर, अंगठे वर, कोपरं अंगालगत. मग कंबर पुढे लोटून हात ताठ करायचे, एका हाताने ओढायचं, दुसऱ्याने ढकलायचं आणि सुटायचं. धावणाऱ्याला गाठलं की नजर वर ठेवून छातीने भिडायचं, हात त्याच्यामागे आवळायचे आणि पाय चालूच ठेवायचे. चुका ठरलेल्या असतात. ‘खाली जा’ म्हटलं की शिकाऊ खेळाडू कमरेतून वाकतो. डोकं खाली जातं, नजर जमिनीवर, समोरचा दिसत नाही आणि टॅकल (धावणाऱ्याला पकडून पाडणं) हुकतो. त्याहून वाईट म्हणजे डोक्याने टक्कर बसली तर सगळा दाब मानेच्या मणक्यांवर येतो. या खेळातल्या सर्वांत भयंकर दुखापती अशा होतात. वाकायचं ते गुडघ्यांत. दुसरी चूक टकरीच्या क्षणी पाय थांबवण्याची. पाय थांबले की खालच्या खांद्याचा फायदा तिथेच संपतो.

उंचीचा तोटा नव्हता असं नाही. उंच गार्डचे हात लांब. त्याचे तळवे आधी छातीवर बसले की आखूड हातांचा माणूस खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखा लटकतो. म्हणून अशा लाइनबॅकरला पहिला घाव स्वतःच घालावा लागतो, आणि त्यासाठी डाव कुठे जाणार हे इतरांपेक्षा अर्धा क्षण आधी कळावं लागतं. त्याच्या डोक्यावरून साडेसहा फुटी टाइट एंडला (आक्रमक फळीच्या टोकाला उभा राहणारा, पासही झेलणारा खेळाडू) फेकलेल्या पासवर तर औषधच नाही. तिथे फक्त योग्य खोलीवर, चेंडूच्या वाटेत आधी जाऊन उभं राहणं हातात असतं.

मिल्सची खरी कमाई ही आधी कळण्याची. लाइनबॅकर चेंडूकडे बघत नाही, गार्डकडे बघतो. गार्ड खाली राहून पुढे आला तर धाव, आणि तीही इथूनच. फळीमागून आडवा पळत सुटला तर चेंडू त्याच्या मागोमाग त्या बाजूला. ताठ होऊन मागे सरकला तर पास. प्रतिस्पर्धी नेमका याच सवयीचा गैरफायदा घेतो. गार्डला मुद्दाम खोटं पाऊल टाकायला लावतो. खरंखोटं ओळखायला आधीच्या सामन्यांच्या फिती पुन्हापुन्हा पाहाव्या लागतात, आणि त्यात मिल्स पक्का होता. १५ ऑक्टोबर १९९५ रोजी कॅरोलिना पँथर्स या नव्या संघाने पहिले पाचही सामने हरून न्यू यॉर्क जेट्सना तोंड दिलं. जेट्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) बबी ब्रिस्टर याने फळीच्या आतच, खालून ढकलल्यासारखा छोटा पास टाकला. अंगावर धावून येणाऱ्या बचावाला फसवायची ही युक्ती. चेंडू गेला तो ३६ वर्षांच्या मिल्सच्या हातात, आणि तो ३६ यार्ड पळून टचडाउन करून आला. पँथर्स २६-१५ ने जिंकले. त्या संघाचा तो इतिहासातला पहिला विजय.

कारकिर्दीची सुरुवात लेखात दोन ओळींत उरकली आहे. माँटक्लेअर स्टेट हे तिसऱ्या श्रेणीत खेळणारं कॉलेज. त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्तीही मिळत नाही. १९८१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या मुख्य लीगचे संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, १२ फेऱ्यांत तीनशेहून जास्त खेळाडू निवडले गेले, मिल्स त्यांत नव्हता. क्लीव्हलँड ब्राउन्सने सरावशिबिरातून परत पाठवलं. पुढच्या वर्षी कॅनडात टोरंटोनेही तेच केलं. मग न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजच्या शाळेत तो फोटोग्राफी आणि सुतारकाम शिकवू लागला.

इथे लेखकाने यूएसएफएल ही लीग ‘दुय्यम’ म्हणून बाजूला सारली आहे. तसं करून चालणार नाही, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. १९८३ ते १९८५ मिल्स फिलाडेल्फिया स्टार्सकडून खेळला (शेवटच्या वर्षी संघ बाल्टिमोरला गेला), आणि १९८४ व १९८५ ची अजिंक्यपदं त्या संघाने जिंकली. प्रशिक्षक होते जिम मोरा. १९८६ मध्ये मोरा एनएफएलमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेले आणि मिल्सला सोबत घेऊन गेले. मोरांच्या हाताखालचे डॉम केपर्स आणि विक फँजिओ हेही स्टार्समधून सेंट्सला आले, आणि १९९५ मध्ये केपर्स पँथर्सचे मुख्य प्रशिक्षक व फँजिओ बचावाचे प्रशिक्षक झाले. तेव्हा मिल्स पुन्हा त्यांच्याकडेच. म्हणजे पंधरा हंगाम आपला खेळ ओळखणाऱ्या एकाच घराण्यात तो राहिला. गुणी माणसाला उंची मोजण्याआधी खेळ पाहणारा कुणी भेटावा लागतो, हे लेखकाने जिद्दीच्या खात्यात जमा केलं आहे.

सेंट्सने १९६७ पासून एकाही हंगामात पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवले नव्हते. १९८७ मध्ये त्यांनी १५ पैकी १२ सामने जिंकले. रिकी जॅक्सन आणि पॅट स्विलिंग बाहेरच्या बाजूंना, मिल्स आणि वॉन जॉन्सन आत, अशी ती चौकडी ‘डोम पट्रोल’ म्हणून गाजली, आणि १९९२ च्या हंगामासाठी चौघेही प्रो बोलमध्ये (हंगामातल्या निवडक खेळाडूंचा मानाचा सामना) निवडले गेले. मात्र त्या काळात सेंट्सला प्लेऑफचा (साखळीनंतरच्या बाद फेरीचा) एकही सामना जिंकता आला नाही. मिल्सची प्रो बोलसाठी एकूण पाच वेळा निवड झाली. पाचवी १९९६ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, जेव्हा त्याचे पाय नक्कीच मंदावले होते, पण डोकं मंदावलं नव्हतं.

आणखी दोन दुरुस्त्या. ऑगस्ट २००३ मध्ये, पँथर्सचा लाइनबॅकर प्रशिक्षक असताना, मिल्सला आतड्याचा कर्करोग असल्याचं निदान झालं. जानेवारी २००४ मधल्या डॅलसविरुद्धच्या प्लेऑफ सामन्याच्या वेळी त्याने खेळाडूंना सांगितलेल्या ‘कीप पाउंडिंग’ या शब्दांचं भाषांतर आपल्याकडे ‘झुंजत राहा’ असं छापलं गेलं आहे. ‘घाव घालत राहा’ हे मुळाच्या जास्त जवळ, आणि लाइनबॅकरच्या तोंडी शोभणारं. त्या वर्षी पँथर्सने सुपर बोल जिंकल्याचं लेखात म्हटलं आहे. ते अंतिम सामन्यापर्यंत पोचले, पण न्यू इंग्लंड पेट्रिअट्सकडून ३२-२९ असे हरले. १८ एप्रिल २००५ रोजी मिल्स वारला, ४५ व्या वर्षी. कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मान-दालनात, तो आला २०२२ साली, पात्रतेच्या नेहमीच्या यादीतलं त्याचं विसावं आणि शेवटचं वर्ष असताना. सन्मान स्वीकारताना पत्नी मेलनी बोलल्या.

शेवटी, लॉस एंजलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकन फुटबॉल येत असल्याने ‘असे छोटे मिल्स’ आपल्याकडेही तयार होतील, असा आशावाद लेखाच्या शेवटी आहे. तिथे येतोय तो फ्लॅग फुटबॉल. एका संघात पाच खेळाडू, ५० बाय २५ यार्डांचं मैदान आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन. टॅकल नाही, ब्लॉक नाही; धावणाऱ्याच्या कमरेची पट्टी ओढली की डाव संपला. मिल्सची अर्धी विद्या गार्डच्या छातीखाली शिरण्याची, आणि तिथे शिरायला गार्डच नाही. कामाला येईल ती डाव ओळखण्याची दुसरी अर्धी. पुढच्या लेखात हे दोन खेळ वेगळे ठेवावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली