आमच्या जुन्या वॅगनआरच्या मिस्त्रीकाकांना, मनापासून

नमस्कार मिस्त्रीकाका,

नागपुरातल्या गिरीपेठच्या आरटीओतून गाडीचं रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू होऊन आलं, आणि तेव्हापासून डोक्यात आहे की तुमचे नीट आभार मानायचे. गॅरेजमध्ये आलं की तुम्ही कोणाच्या तरी गाडीखाली असता, मी शाळेच्या घाईत असते, पैसे देते, "येते काका" म्हणते आणि निघते, म्हणून बोलायचं राहूनच जातं. आज लिहूनच टाकते आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून इथेच लिहिते.

२०१० ची गाडी आमची. त्याच वर्षी वॅगनआरमध्ये नवीन के-सिरीज इंजिन आलं होतं, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल. बाबांनी घेतली, पुढे माझ्याकडे आली, आणि आता सव्वा लाख किलोमीटरच्या वर गेलीय. रोज बर्डी-धरमपेठच्या ट्रॅफिकमध्ये तेरा-चौदाचा अॅव्हरेज, रामटेक-काटोलकडे निघालो की सतरा-अठरा, क्लच हलका, कुठेही पार्क होते, उंच असल्यामुळे आईला गुडघे न दुखता बसता-उतरता येतं. एवढं सगळं आहे म्हणून तर विकावीशी वाटली नाही कधी, पण ती विकायची वेळ आली नाही ते तुमच्यामुळे, हे मला पक्कं माहीत आहे.

सगळ्यात पहिले तो थरथरीचा किस्सा सांगते. सिग्नलला उभी असताना गाडी अशी हलायची की स्टिअरिंगवरचा हात थरथरायचा, चढावर दमच नाही, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा लाइट. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली तर त्यांनी इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, इंजिन माउंटिंग असं सगळं बदलायचं एस्टिमेट हातात दिलं, आणि बोलत होते माझ्या सोबत आलेल्या भावाशी, जो गाडी चालवतच नाही. मग कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही बॉनेट उघडलं, गाडी चालू ठेवली आणि मला म्हणाले, "ताई, इकडे या, कान देऊन ऐका." मग एकेका सिलिंडरच्या कॉइलचा, म्हणजे स्पार्क प्लगला करंट देणाऱ्या पार्टचा, वायरीचा कनेक्टर काढून परत लावला. पहिला काढला, इंजिन आणखी गडबडलं. तिसरा काढला, तसंच. मधला काढला तर आवाजात काही फरकच नाही! तुम्ही म्हणाले, "हा सिलिंडर कामच नाही करून राहिला, म्हणून काढला काय अन् ठेवला काय सारखंच." तरी लगेच कॉइल बदलली नाही, आधी मधली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहिली आणि गडबडही कॉइलबरोबर शेजारी गेली, म्हणजे स्पार्क प्लग ठीक, इंजेक्टर ठीक, फक्त एक कॉइल गेलेली. एक कॉइल. ती आणली, लावली, लाइट गेला, थरथर गेली. जुनी कॉइल माझ्या हातात दिली आणि तिच्यावरची बारीक तडा नखाने दाखवली. काका, मी पंधरा वर्षं मुलांना विज्ञान शिकवते, इतकं स्वच्छ समजावून सांगणं मी फार कमी वेळा पाहिलंय. तुम्ही माझ्याशी बोललात, मला दाखवलंत, याचं मला तेव्हा किती बरं वाटलं ते आजवर सांगितलंच नाही.

त्यानंतर तर तुमचं ते वाक्य आमच्या घरात पाठच झालं, "चालते अजून, काहाले बदलता?" लाख किलोमीटर झाले तेव्हा कोणी म्हणालं टायमिंग बेल्ट बदलून घ्या, तुम्ही म्हणाले या इंजिनला बेल्ट नाही, चेन आहे, तिला ताणून धरणारं टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालते, ऑइल टायमावर बदला आणि चेन खडखडायला लागली तर पाहू. अजून खडखडली नाही. पण जिथे बदलायलाच पाहिजे तिथे तुम्ही एक दिवसही थांबू दिलं नाही, हेही तितकंच खरं. समृद्धीवरून शिर्डीला जायचं ठरलं तेव्हा टायरची नक्षी चांगली दिसत होती, मला वाटलं चालेल, तुम्ही खाली बसून टायरच्या बाजूवरचे ते चार आकडे वाचले, पहिले दोन म्हणजे आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष, आणि म्हणाले रबर म्हातारं झालं आहे, सिमेंटच्या तापलेल्या रोडवर शंभरच्या स्पीडने तासन् तास हे नाही टिकायचं. चारही बदलले, हवा सकाळी टायर थंड असताना भरून घ्यायला लावली. आई-बाबा मागे बसलेले असताना मी निश्चिंत मनाने चालवली ती त्यामुळे.

आणि २३ सप्टेंबर २०२३. ती रात्र नागपुरात कोण विसरेल? अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये घुसलं, आमच्या लेआउटमध्ये पहाटे अंधारात पाणीच पाणी, लाइट नाही, आणि उजाडलं तेव्हा गाडी सीटपर्यंत बुडालेली दिसली. तुम्हाला सकाळी सकाळी फोन लावला, तुमच्याकडेही तेव्हा काय परिस्थिती होती देव जाणे, पण तुम्ही पहिलं वाक्य बोलले, "चाबी लावू नका बिलकुल." मग सांगितलं, पाणी कुठपर्यंत चढलं त्याचे फोटो काढा, पाणी उतरलं की बॅटरीचा मायनस काढा, इन्शुरन्सवाल्याला कळवा आणि टो करूनच आणा. पुढे गॅरेजमध्ये समजावलं की हवेच्या रस्त्याने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर स्टार्टर मारताच पिस्टन वर येतो, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं स्टार्ट करून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत क्लेम नाकारला जाऊ शकतो, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही तिन्ही स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं, डिपस्टिक पुसून दाखवली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं नव्हतं, तरी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हीचं ऑइल बदललं, सीटा काढल्या, कार्पेट उचलून उन्हात घातलं, वायरिंगचे कनेक्टर एकेक उघडून सुकवले. बाहेर गाड्यांची रांग लागलेली, लोक ओरडत होते आणि तुम्ही कोणाचीही गाडी घाईत उरकली नाही, त्या दिवसांत एक रुपयाही जास्त घेतला नाही. संकटात लोकांकडून पैसे कसे काढतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून हे मोठ्याने सांगावंसं वाटतं.

उन्हाळ्याचं तर काय सांगू, ४५ च्या वर पारा गेला की नागपूरच्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या दिसतातच. दरवर्षी मार्चमध्ये तुम्ही रेडिएटरचा फॅन चालू होतो की नाही पाहता, बोअरचं पाणी टाकायचं नाही, कूलंटच टाकायचं, हे बजावता. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं तेव्हा मी घाबरले होते, कारण त्यासाठी बनलेल्या गाड्या २०२३ नंतरच्या. तुम्ही सगळे फ्युएल पाइप तपासले, कडक झालेला एक बदलला आणि सरळ सांगितलं की इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी असते, अॅव्हरेज थोडा पडेल, त्यासाठी बाटल्यांमधलं काही टाकत बसू नका. पडला थोडा. बाकी काही झालं नाही.

रिन्यूअलच्या आधी नातेवाइकांनी भंगारात द्या म्हणून डोकं खाल्लं होतं, ५००० रुपये फी, वरून ग्रीन टॅक्स, कशाला जुन्या गाडीत पैसे घालता. तुम्ही गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवून खालून पूर्ण पाहिली, गंज कुठे आहे ते टॉर्च लावून दाखवलं आणि म्हणाले चेसिस मजबूत आहे, ठेवा. तेवढ्यावर ठरवलं. हेडलाइटचा फोकस, हॉर्न, मागचे ब्रेक सगळं तुम्ही आधीच नीट करून दिलं होतं म्हणून इन्स्पेक्शनला काहीच अडलं नाही.

खूप खूप आभार काका. मुलीचं लर्निंग निघालंय, ती याच गाडीवर शिकणार आहे आणि स्टेपनी बदलणं तुमच्याकडून शिकायचं म्हणते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन येते. मागच्या डाव्या दाराचा काचेचा हँडल पण तेव्हाच पाहून घ्या.

तुमची,
पांढऱ्या वॅगनआरवाली ताई