कीटकनाशकाच्या डब्यावरचा हिरवा त्रिकोण गर्भासाठी नाही

महोदय,

पुरुषांमधील शुक्राणू घटत असल्याची चर्चा हल्ली वरचेवर होते आणि बहुतेक वेळा ती घट्ट जीन्स, तंबाखू आणि मांडीवरचा लॅपटॉप यांतच घुटमळते. हे सगळे नंतरचे. मुलाच्या जननेंद्रियांची घडण गर्भारपणाच्या साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात ठरते. तेव्हा गर्भाच्या वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, त्यावर लिंग आणि मूत्रमार्ग आकार घेतात. याच पेशींच्या दुसऱ्या एका संप्रेरकामुळे वृषण पोटातून जांघेच्या दिशेने सरकते. या आठवड्यांत संप्रेरक कमी पडले, तर नंतर कितीही मिळाले तरी ती कसर भरून निघत नाही. न उतरलेले वृषण, मूत्रछिद्र टोकाऐवजी लिंगाच्या खालच्या बाजूस असणे, कमी शुक्राणू आणि वृषणाचा कर्करोग यांचे मूळ गर्भावस्थेत एकच असावे, अशी मांडणी कोपनहेगनच्या नील्स स्काकेबेक यांनी २००१ मध्ये केली.

आपल्याकडे लागू पडेल असा अभ्यासही डेन्मार्कचाच. तिथल्या कीटकनाशके फवारलेल्या हरितगृहांत गरोदरपणी काम केलेल्या स्त्रियांच्या मुलग्यांमध्ये तीन महिन्यांच्या वयाला न उतरलेल्या वृषणाचे प्रमाण ६.२ टक्के आढळले. कोपनहेगनच्या सर्वसाधारण मुलांत ते १.९ टक्के होते. अभ्यास छोटा, शंभरावर काही माय-लेकांचा. पण गरोदर कामगारांसाठी खास नियम असलेल्या देशातला हा आकडा आहे. मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये आणि नाशिकच्या द्राक्षबागांत विरळणीला बायकाच असतात.

इथे डब्यावरचा त्रिकोण फसवतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध एकदम पोटात गेले किंवा अंगावर सांडले तर जीवाला किती धोका, एवढेच सांगतात. रोज थोडे थोडे कातडीतून गेले तर गर्भाच्या संप्रेरकांचे काय होईल, हे त्या रंगात कुठेच नाही. ‘हिरवा आहे, काही होत नाही’ हे वाक्य विषबाधेपुरते ठीक. दिवस गेलेल्या बाईला ते सांगू नये.

औषध हाताला लागते ते फवारताना कमी, फवारलेल्या पानाफळांना हात लावताना जास्त. पॉलिहाऊसमध्ये पाऊस नाही, कडक ऊन नाही, त्यामुळे पानावरचा अंश जास्त दिवस टिकतो. कापडी हातमोजे तो शोषून दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात. नायट्राइल रबराचे मोजे घ्यावेत, फाटले की बदलावेत. लेबलवर फवारणीनंतर पुन्हा आत जाण्याची मुदत दिलेली असेल तर ती पाळावी. ‘पान वाळले’ ही मुदत नव्हे. नवऱ्याचे फवारणीचे कपडे त्यानेच वेगळ्या बादलीत धुवावेत, घरच्या धुण्यात टाकू नयेत. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पाळी चुकताच ते काम थांबवून पॅकिंगला किंवा नर्सरीच्या बिनफवारणीच्या कामाला जाणे, तेही मजुरी न कापता. गरोदर मातेची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असा दंडक आहे. म्हणजे वेळेत नाव घातले तरी जननेंद्रिये घडण्याच्या काळातला बराचसा भाग उलटलेला असू शकतो.

प्लास्टिकबद्दल थोडेच. थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायने. उंदरांच्या गर्भात टेस्टोस्टेरॉन दाबणारे काही थॅलेट मऊ पीव्हीसीत असतात, कधी वजनाच्या तीस-चाळीस टक्के. ते तेलात उतरतात. म्हणून पिंपातून गोडेतेल काढायची ती पारदर्शक, वास येणारी नळी आधी फेकावी. चहाची पातळ पिशवी बहुधा पॉलिथिनची असते, तिला थॅलेट लागतच नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र सगळा राग तिच्यावर. थॅलेट शरीरातून एक-दोन दिवसांत निघून जाते, त्यामुळे संपर्क थांबवला की फरक लगेच पडतो.

आता जन्मलेल्या मुलाविषयी. कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर, ऊबदार खोलीत, बाळ शांत असताना वृषण खाली उतरले आहे का ते पाहावे. एका हाताचे बोट जांघेवरून हळूच खाली सरकवावे, दुसऱ्या हाताने लिंगाखालच्या पिशवीत वृषणाची गोळी चाचपावी. गार हाताने पाहिले तर उतरलेली गोळीही वर पळते आणि उगाच धास्ती बसते. सहा महिन्यांनंतरही गोळी खाली नसेल तर ती आपोआप उतरण्याची आशा धरू नये. बालशल्यविशारदाला दाखवावे, शस्त्रक्रिया पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, फार तर दीड वर्षापर्यंत व्हावी. शरीराच्या आतल्या उष्णतेत शुक्राणूंच्या मूळ पेशी कमी होत जातात. ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणत सातव्या-आठव्या वर्षी आणलेल्या मुलात ते नुकसान होऊन गेलेले असते. सोनोग्राफीत वेळ घालवू नये, तिने निर्णय सहसा बदलत नाही. मूत्रछिद्र खाली असेल तर सुंता करू नये, दुरुस्तीला तीच कातडी लागते. आणि दोन्ही गोळ्या हाताला लागत नसतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीचा जीवघेणा विकार त्यामागे असू शकतो.

पालघरहून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीतल्या नऊ जन्मदोषांत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, न उतरलेले वृषण किंवा खाली असलेले मूत्रछिद्र मात्र नाही. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी जातातच. सहाव्या महिन्याच्या नोंदीत ‘दोन्ही गोळ्या खाली आहेत का, आईला विचारा’ एवढी एक ओळ आरोग्य विभागाने वाढवावी.

– दोन बालशल्यविशारद, नाशिक