ट्रंकेतली जुनी मराठी ख्रिस्ती पुस्तके सेमिनरीला हवी आहेत

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

आमच्या सेमिनरीच्या ग्रंथालयासाठी आम्ही जुनी मराठी ख्रिस्ती पुस्तके, प्रार्थनापुस्तके, गायनपुस्तके, मंडळ्यांची मासिके, उपदेशांच्या वह्या आणि पत्रव्यवहार गोळा करत आहोत. कायमचे द्या किंवा स्कॅन करण्यापुरते द्या, दोन्ही चालेल. या कामासाठी शिकून घेणारे हात हवे आहेत, काही साहित्य हवे आहे आणि पैसेही हवे आहेत. देण्याआधी पुस्तकाचे काय करू नये, हेही खाली लिहिले आहे. तेवढा भाग पुस्तकाला हात लावण्याआधी जरूर वाचा.

पाळकपदासाठी शिकणारे विद्यार्थी अभ्यासाची बहुतेक पुस्तके इंग्रजीत वाचतात आणि रविवारी उपदेश मराठीत करतात. तारण, समेट, कृपा, नीतिमान ठरणे हे शब्द उपासनेत त्यांच्या कानावर पडतात. पण हा शब्द का घेतला, तो का टाकला, त्यावर मराठी माणसांत काय चर्चा झाली, हे त्यांना मराठीत वाचायला मिळत नाही. ते लिहिलेले आहे, हाती लागत नाही एवढेच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मंडळीत झाला. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि त्यांचे बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. नीलकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले आणि नंतर अँग्लिकन पाळक म्हणून त्यांना दीक्षा मिळाली. अँग्लिकन उपासनेचे १६६२ चे प्रार्थनापुस्तक १९व्या शतकातच मराठीत आले होते. पुण्याचे पंचहौद मिशन म्हटले की मराठी वाचकाला १८९० चे चहाचे प्रकरण आठवते. पण अशा मिशनमध्ये उपासना कोणत्या मराठीत चालत होती आणि मुलांना काय शिकवले जात होते, हे सांगणारा कागद एखाद्या घरच्या ट्रंकेतच सापडण्याची शक्यता जास्त आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांची एकी होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले आणि इथल्या अँग्लिकन मंडळ्या त्यात आल्या. नवे उपासनाक्रम आले तशी जुनी पुस्तके कपाटात गेली आणि कपाट भरल्यावर कुणाच्या तरी घरी गेली. त्या घरांपर्यंत आम्हाला पोहोचायचे आहे.

मुखपृष्ठ नाही, पहिली पाने गेली आहेत, म्हणून पुस्तक बाद समजू नका. छापखान्याचे नाव आणि साल पुष्कळदा शेवटच्या पानावर असते, आणि तेही नसले तरी टाइपाच्या वळणावरून काळाचा अंदाज येतो. समासात पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी, गीतावर लिहिलेला राग किंवा चाल, शब्बाथशाळेच्या शिक्षिकेने काढलेले प्रश्न हे सगळे आम्हाला छापील मजकुराइतकेच मोलाचे आहे. कृपया खोडरबर लावू नका. सध्या दुकानात मिळणारे बायबल किंवा चालू आवृत्तीचे गायनपुस्तक मात्र पाठवू नका. ते ज्या मंडळीत कमी असेल तिथे द्या.

मंडळीची बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे आम्ही ठेवून घेणार नाही. विवाहाची रजिस्टरे १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालचा सरकारी दर्जाचा पुरावा आहे आणि त्यांची जागा मंडळीतच आहे. गावाकडच्या कुटुंबाला आजोबांच्या जन्माचा दाखला शोधायचा असेल, तर बहुधा बाप्तिस्म्याचे रजिस्टर हाच एक आधार असतो. पाळक आणि मंडळीची कमिटी यांचे पत्र असेल, तर आमची माणसे तिथे येऊन स्कॅन करतील, एक प्रत मंडळीला देतील आणि रजिस्टर जागेवर ठेवून परत जातील.

आता काय करू नये. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेपची पट्टी सुटते आणि तिचा चिकट थर कागदात उतरून पिवळा डाग पाडतो. तो डाग काढताना अक्षरेही जातात. लॅमिनेशन तर मुळीच नको, कारण उष्णतेने वितळलेले प्लास्टिक कागदापासून पुन्हा वेगळे करता येत नाही आणि आतल्या आत कागद सडतच राहतो. साध्या बाइंडरकडे देऊ नका. तो पुस्तकाच्या तिन्ही कडा कापतो, त्यात समासातल्या नोंदी जातात, आणि कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतो. मोरचुदातले तांबे कागदाचा ऱ्हास वेगाने घडवते. डांबराच्या गोळ्यांनी पानांच्या आतली अंडी मरत नाहीत, वास मात्र वर्षानुवर्षे राहतो आणि वाचणाऱ्याच्या छातीला त्रास होतो. कागद किती ठिसूळ झाला हे पाहायला कोपरा दुमडू नका. १८५० नंतरच्या पुष्कळ कागदांत लाकडाचा लगदा आणि तुरटी आहे; त्यातून आम्ल तयार होते आणि असा कोपरा दुमडताच तुटतो.

पुस्तक ओले झाले असेल तर घाई करा, पण उन्हात टाकू नका. ४८ तासांत बुरशी धरू शकते, म्हणून पंख्याखाली उभे उघडे ठेवा, दर वीसेक पानांनी कोरा शोषक कागद घाला आणि तो ओला होईल तसा बदलत राहा. छापील वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. चकचकीत कागदाची पाने एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, तसेच आणा. बुरशी आधीच दिसत असेल तर घरात झटकू नका. वेगळ्या कागदी पिशवीत घालून वर "बुरशी" असे लिहा.

बाकीची पुस्तके धुतलेल्या, स्टार्च नसलेल्या सुती कापडाच्या बासनात बांधा. रबरबँड नको, तो वितळून चिकटतो. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. खोक्यात पुस्तके आडवी ठेवा, मोठी खाली आणि लहान वर, आणि एकट्याला उचलता येईल एवढेच खोके भरा. एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून आत ठेवा: पुस्तक कुणाचे होते, कोणत्या गावच्या मंडळीत वापरात होते आणि तुम्हाला ते परत हवे आहे का. ही चिठ्ठी हरवली तर पुस्तकाचे अर्धे मोल जाते, कारण तेच पुस्तक नाशिकला वापरले गेले की अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) एखाद्या खेड्यात, यावरून विद्यार्थ्याला बरेच काही कळते.

आमच्याकडे आलेले प्रत्येक खोके आधी वेगळ्या खोलीत राहील. कसर, वाळवी किंवा पुस्तकी किड्याची शंका असेल तर पुस्तक जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करायचे आणि उणे २० अंश सेल्सिअसला २ आठवडे ठेवायचे. बाहेर काढल्यावर पिशवी निदान २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर हवेतले पाणी धरते. फोटो आणि चामडी बांधणी असलेली पुस्तके या पद्धतीतून वगळली जातील. त्यानंतर मऊ ब्रशने साफसफाई, मग स्कॅनिंग.

पहिल्या टप्प्यात २०० पुस्तके घ्यायची असे ठरवले आहे, आणि साहित्याचा हिशेब त्यावरच बसवला आहे. डेमी आकाराचे (सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंच) एक पान ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) रंगीत स्कॅन केले की सुमारे २२ एमबी होते. ३०० पानांचे पुस्तक साडेसहा-सात जीबी, आणि २०० पुस्तके साधारण १.३ टीबी. तीन प्रती ठेवायच्या आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, म्हणून २ टीबीच्या ३ हार्ड डिस्क लागतील. त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असाव्यात. एकाच खेपेच्या डिस्क एकदमच बिघडण्याची भीती असते. आम्लमुक्त बोर्ड २०० पेट्यांपुरता हवा, १२ मिलिमीटर रुंदीची न रंगवलेली सुती नाडी ३०० मीटर, दुरुस्तीसाठी ८ ते १२ जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम, म्हणजे अगदी पातळ) जपानी कागद, एन-९५ मास्क, आणि दोन आर्द्रतामापक. ग्रंथालयाची आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवायची आहे. ती ६५ च्या वर गेली की बुरशी उठते. एक चेस्ट फ्रीझर हवा, जुना चालेल, पण आतले तापमान उणे २० पर्यंत जाते हे थर्मामीटर लावून पाहिलेले असावे. घरगुती फ्रिजचा वरचा कप्पा पुरत नाही.

सर्वांत मोठी गरज माणसांची आहे, आणि ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी संधीही इथेच आहे. ग्रंथालयात दर शनिवारी तीन वर्ग चालवायचे आहेत. पाळकपदाच्या विद्यार्थ्यांबरोबर मंडळीतील कुणीही बसू शकेल, अगदी ख्रिस्ती नसलेलेही. शुल्क नाही. प्रातःप्रार्थनेला यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. दार उघडे आहे.

पहिला वर्ग पुस्तक हाताळण्याचा आणि स्कॅनिंगचा. स्कॅनिंग जोडीने करायचे असते: एकाने पान उलटायचे, दुसऱ्याने पडद्यावर पानांचे क्रमांक पाहायचे. एकटा माणूस थकला की दोन पाने एकदम उलटतो आणि हे महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. पुस्तक सपाट उघडायचे नाही, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या पाळण्यात ठेवायचे, नाहीतर पाठीचा कणा मोडतो.

दुसरा वर्ग मुद्रितशोधनाचा, आणि त्याला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो. संगणक जुन्या मराठी छपाईची अक्षरे ओळखतो, पण "ख" ला "रव" वाचतो, "घ" आणि "ध" ची, "भ" आणि "म" ची गल्लत करतो, आणि कागदावरचा ठिपका अनुस्वार समजतो. शिळाछापाच्या पुस्तकांत तर अक्षर हाताने लिहिलेले असते, तिथे जवळजवळ सगळे माणसालाच वाचावे लागते. शुद्धलेखन पक्के असलेल्या माणसाकडूनच इथे सर्वांत मोठी चूक होऊ शकते. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांत "केलें", "त्यांनीं", "कीं", "प्रीति", "भक्ति" असे असते. ते दुरुस्त करायचे नाही. अनुस्वार काढला की पुस्तकाचा काळ पुसला जातो, आणि उपासनेत त्या ओळी कशा वाचल्या जात होत्या याचा एक धागाही जातो. पण आजचा विद्यार्थी "प्रीती" असे शोधतो आणि त्याला "प्रीति" सापडत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक पानाचे दोन मजकूर ठेवतो: एक मुळाबरहुकूम, दुसरा शोधण्यापुरता आजच्या लेखनात. आणखी एक बारकावा टंकलेखन करणाऱ्यांसाठी. "दुसऱ्या" मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, दिसायला सारखाच, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. आम्ही नुक्त्याचा ऱ घेऊन हलन्त करतो, आणि सर्वांनी तसेच करायचे आहे. निवृत्त मराठी शिक्षक, मुद्रणालयात काम केलेली माणसे आणि वर्तमानपत्रात मुद्रिते तपासलेल्या भगिनी यांना खास विनंती आहे. आठवड्याला १० पाने घरी बसून तपासून दिलीत तरी पुरे. प्रत्येक पान दोघांकडे जाईल आणि फरक पडेल तिथे तिसरा पाहील.

तिसरा वर्ग मोडीचा. जुने हिशेब आणि पत्रे मोडीत असू शकतात. मोडीत आधी शिरोरेघ ओढून मग अक्षरे लिहितात, शब्दांत जागा सोडत नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळत नाहीत. बाराखडी लवकर येते, खरा वेळ एकेका माणसाचे हस्ताक्षर लावण्यात जातो. म्हणून वर्गात एकाच लेखकाची पत्रे सलग वाचली जातील. मोडी वाचता येणारे ज्येष्ठ आपल्या ओळखीत असतील तर त्यांना कळवा. येण्याजाण्याची व्यवस्था आम्ही करू.

हक्कांबाबत: भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे असतो. तुमच्या वडिलांच्या उपदेशांच्या वह्या असतील तर वही देणे आणि ती छापायची परवानगी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावतीवर दोन्हींसाठी वेगळी खूण करा. पाळकांच्या पत्रव्यवहारात कुणाचे खासगी दुःख, घरगुती भांडणे, कबुलीच्या गोष्टी असू शकतात. अशी पत्रे वेगळ्या पाकिटात द्या. ती जतन होतील, पण संबंधित कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय कुणालाही दाखवली जाणार नाहीत.

पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावेत. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, म्हणून त्यापुढची रक्कम रोख घेतली जाणार नाही. परदेशात राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले नातेवाईक देणगी देऊ शकतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी मात्र, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारे) असले तरी, आमच्या खात्यात पैसे टाकू नयेत. कायद्याने ती परदेशी देणगी ठरते; त्यासाठी वेगळी नोंदणी आणि नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते लागते, आणि आमच्याकडे ते नाही. त्यांच्याकडे पुस्तके किंवा वह्या असतील तर मात्र तिकडेच ४०० डीपीआयला स्कॅन करून पाठवावे. तेवढीच मोठी मदत होईल.

पुस्तके नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत शनिवारी ग्रंथालयात आणून द्यावीत, किंवा आपल्या मंडळीच्या पाळकांकडे सोपवावीत. पावसाळ्यात खोकी हलवू नका, तोवर ट्रंक जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा.