रविवारची बैठक: व्हीएमचा कन्सोल का उघडत नाही?

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता कॉलेज रोडवरच्या आपल्या नेहमीच्या खोलीत जमायचं आहे. विषय एकच: व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा संगणक) चालू असते, पण रिमोट कन्सोल (तिचा स्क्रीन दुरून दाखवणारी खिडकी) काळा राहतो किंवा ‘अनेबल टू कनेक्ट टू द एमकेएस’ (एमकेएस म्हणजे माउस, कीबोर्ड, स्क्रीन) असा एरर येतो.

मागच्या पंधरवड्यात सातपूरच्या एका कारखान्यात रात्री मी यातच अडकलो. फायरवॉल तपासण्यात दोन तास गेले. शेवटी कळलं, लॅपटॉपला ईएसएक्सआय होस्टचं (व्हीएम ज्यावर चालते त्या व्हीएमवेअरच्या सर्व्हरचं) नावच सापडत नव्हतं. आयपीवर पिंग जात होता, नावावर नाही. डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेत) नोंद टाकली आणि कन्सोल लगेच उघडला. म्हणून आधी नाव तपासा, मग पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याची क्रमांकित दारं).

येताना आपापल्या ठिकाणी व्हीएम चालवणारं जे सॉफ्टवेअर असेल, त्याचे हे पोर्ट खुले आहेत का, ते बघून लिहून आणा:
- व्हीएमवेअर: ४४३ आणि ९०२
- हायपर-व्ही: २१७९
- प्रॉक्समॉक्स: ८००६
- केव्हीएम: व्हीएनसी (स्क्रीन दुरून दाखवणारी पद्धत) ५९०० पासून पुढे. मूळ सेटिंगमध्ये तो फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच सर्व्हरपुरता असतो, त्यामुळे बाहेरून एसएसएच टनेल (सुरक्षित लॉगिनमधून काढलेली वाट) लागतो.

एक कळकळीची विनंती. कन्सोल दिसत नाही एवढ्यावरून प्रॉडक्शनची व्हीएम रीस्टार्ट करू नका. आतलं काम बहुधा चालूच असतं. आधी आरडीपी (विंडोजमध्ये दुरून लॉगिन करण्याची सोय) किंवा एसएसएचने आत जाऊन बघा.

लॉग आणा, पण पासवर्ड आणि आयपी झाकून. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका, खुर्च्या मोजक्याच आहेत.