रविवारच्या सायकल राइडसाठी कपड्यांबद्दल

सदस्यहो, रविवारी पहाटे ५.३० ला नागपूरच्या झिरो माईलवरून निघायचं आहे. पारा १० अंशांखाली असू शकतो, तरी एकच जाडजूड स्वेटर घालून येऊ नका. आत लवकर वाळणारा पॉलिस्टरचा टी-शर्ट, त्यावर पातळ फ्लीस (मऊ, उबदार कापडाचं जॅकेट) आणि वर विंडचीटर. सुती बनियन मात्र कृपया नकोच! सेमिनरी हिल्सच्या चढावर तो घामाने भिजतो, वाळत नाही, आणि फुटाळा तलावाकडे उतरताना वारा लागला की हुडहुडी भरते. मी हे भोगलंय. निघताना थोडी थंडी वाजायलाच हवी, दहा मिनिटांत अंग तापतं. विंडचीटरची चेन चढाआधी उघडा, उताराआधी लावा. हातमोजे हवेतच, बोटं बधिर झाली तर ब्रेक नीट दाबला जात नाही.